अव्वल कारकुनाचा रोमन अंगरखा

भाऊजी माझ्या लॅबमध्ये आले तेव्हा मी एका आजोबांच्या खालच्या कवळीला पॉलिश करत होते. यवतमाळात माझी दातांची छोटी लॅब आहे. डॉक्टर मापं पाठवतात, मी कवळ्या, कॅपा, ब्रिज बनवून परत पाठवते. माणसांशी माझा संबंध येतो तो त्यांच्या जबड्याच्या प्लास्टरच्या साच्यापुरता. त्यामुळे बोलणारं तोंड घेऊन कोणी दारात उभं राहिलं की मी जरा दचकतेच.

भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. दोघं घाटंजीला राहतात. तहसील कचेरीत चौतीस वर्षं घालवून भाऊजी अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. उंच, रुंद, पोट जरा पुढे, आणि चेहरा असा गंभीर, की त्यांनी नुसतं 'पाणी दे' म्हटलं तरी नोटीस बजावल्यासारखं वाटतं. त्या दिवशी त्यांनी पिशवीतून फाइल काढली, फाइलमधून एक रंगीत कागद काढला, माझ्या टेबलावरचे दात एका हाताने बाजूला सारले आणि कागद पसरला.

"हे तुझ्या त्या कॅपच्या धातूत ओतता येते काय?"

चित्रात एक पिवळीधमक वस्तू होती. धनुष्यासारखी वाकलेली पाठ, खाली लांब सपाट पाय, वर एक आडवी दांडी. दांडीच्या दोन्ही टोकांना आणि मधोमध एकेक गोंडा.

"कोणाच्या तोंडात बसवायचं आहे?" मी विचारलं.

"तोंडात नाही. खांद्यावर. झग्याची पिन आहे ही. रोमन शिपाई लावत होते, सोळाशे वर्षांपूर्वी."

"आणि हे गोंडे?"

"कांदे," भाऊजी म्हणाले. "जगभरातले जाणकार त्याले कांदेच म्हणतात."

मी हसले. भाऊजी हसले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली आणि सगळी हकीकत सांगितली.

निवृत्तीनंतर पहिले सहा महिने त्यांनी शेताचा बांध मोजला. बांध मोजून संपला. मग मोबाइलवर काहीबाही बघताना त्यांना एक मंडळ सापडलं. कोणी हंगेरीतलं, कोणी इंग्लंडमधलं, कोणी आणखी कुठलं, आणि सगळ्यांचं वेड एकच. रोमचं साम्राज्य उतरणीला लागलं होतं त्या काळातले कपडे, पट्टे, जोडे, ढाली जशाच्या तशा स्वतःच्या हाताने बनवायच्या आणि अंगावर चढवायच्या. वर्षातून एकदा ही मंडळी व्हिडिओवर जमतात आणि प्रत्येक जण आपला पोशाख घालून उभा राहतो. भाऊजींनी मंडळ चालवणाऱ्या बाईंना रीतसर पत्र लिहिलं. वर 'विषय', त्याखाली 'संदर्भ', शेवटी 'आपला विश्वासू'. सगळं इंग्रजीत. मंडळाला ते पत्र इतकं आवडलं की त्यांनी भाऊजींना त्या वर्षीच्या मेळाव्यात नाव नोंदवायला सांगितलं. भारतातून दुसरं कोणीच नव्हतं.

"पण भाऊजी, कायले?" मी म्हटलं. लॅबमध्ये मी शुद्ध बोलते, पण त्यांच्यासमोर जीभ घसरतेच.

त्यांनी एका कवळीकडे पाहिलं. "चौतीस वर्षं खुर्चीवर बसून राह्यलो. एकदा उभं राहून पाहाव म्हटलं. शिपाई म्हणून."

यावर ताईचं म्हणणं मला नंतर कळलं. ती गल्लीभर सांगत होती, "कारकुनाचे अव्वल कारकून व्हायले यायले अर्धा जन्म लागला. आता म्हणतेत शिपाई व्हायचं हाय!"

मेणात दाढ कोरायला मला दहा मिनिटं लागतात. ते तीन कांदे कोरायला अख्खा रविवार गेला. हात ऐकेनात. पहिला कांदा उतरला तो दाढेसारखा, वर चार उंचवटे घेऊन. दुसरा निमुळता होत होत सुळा झाला. तिसऱ्याला मी डोळे मिटून स्वयंपाकघरातला कांदा आठवला, तेव्हा कुठे जमलं. मग वस्तू इतकी लांब, की माझ्या ओतकामाच्या रिंगमध्ये मावेना. पाठ वेगळी ओतली, पाय वेगळा ओतला, आणि दोन्ही झाळून जोडले. पहिल्या खेपेला साचा फोडला तर मधला कांदा अर्धाच भरलेला. दुसऱ्या खेपेला तिन्ही पूर्ण. खेड्यातल्या काही जुन्या माणसांना अजून सोन्याच्या रंगाची कॅप लागते, त्यांच्यासाठी ठेवलेला धातू मी वापरला होता. टोचायची सुई केली दात सरळ करायच्या तारेची. पॉलिशच्या चाकावर धरली तेव्हा ती अशी झळाळली की मी लॅबमध्ये एकटीच 'अरे वा!' म्हणून ओरडले.

माझ्या धंद्यात 'अरे वा' नसतं. केलेला दात कोणाच्या लक्षात आला नाही की काम चांगलं झालं. बावीस वर्षं मी लोकांच्या लक्षात न येणाऱ्या वस्तू बनवत होते. ही पहिली वस्तू जी बघण्यासाठी होती.

मी ताईला फोटो पाठवला. लगेच फोन आला.

"तुह्याही डोक्यावर परिणाम झाला काय वं?"

"झाला," मी म्हटलं. "रविवारी घेऊन येते."

रविवारी गाडी काढून घाटंजीला पोचले तर घरात तणाव होता. भाऊजींनी खादीचा एक पांढरा झब्बा आणून त्यावर जांभळ्या फितीचे दोन पट्टे शिवून घेतले होते आणि त्याचा फोटो मंडळाला पाठवला होता. मंडळाच्या बाईंचं उत्तर आलं होतं. नम्र, पण नामंजूर. त्या काळी अंगरखा कापडाचे तुकडे कापून शिवत नसत. एका बाहीच्या टोकापासून दुसऱ्या बाहीच्या टोकापर्यंत तो मागावर एकसंध विणत, पट्टे आणि नक्षीसुद्धा विणतानाच भरत. भाऊजी हे मोठ्याने वाचून दाखवत होते आणि ताई पाठ करून मेथी निवडत होती.

"दाखवा त थे चित्र," ती एकाएकी म्हणाली.

तिने हात पदराला पुसले, मोबाइल घेतला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं, चष्मा कपाळावर सारला. ताईला लहानपणापासून विणण्याचा नाद. आमच्या माहेरच्या सगळ्या खाटांची नेवार तिनेच ओवलेली. लग्नानंतर रुमाल, तोरणं, स्वेटर, आणि मग मोतीबिंदूचं निमित्त होऊन सगळं बंद.

"अवो, हे आडवं विणून उभं घातलं हाय," ती म्हणाली. "हे पट्टे विणताना आडवे, आन् अंगात घातले का उभे. हुशार होते मेले."

मेथी तशीच राहिली. त्या संध्याकाळी आम्ही भाकरी आणि ठेचा खाल्ला.

आता माग कुठला आणायचा? ताईने घरभर नजर फिरवली आणि मधल्या खोलीतली लोखंडी खाट कुशीवर उभी करून भिंतीला टेकवली. वरचा लांब पाइप, खालचा लांब पाइप, त्यांच्याभोवती सूत गोल गुंडाळत न्यायचं. झाला माग. ती खाट म्हणजे मी मुक्कामाला गेले की माझी झोपायची जागा. पुढचे तीन महिने मी घाटंजीला खाली सतरंजीवर झोपले आणि एकदाही तक्रार केली नाही.

लोकर की कापूस, यावर वाद झाला. भाऊजी म्हणाले, रोमन लोकरीचे वापरत. ताई म्हणाली, "कापसाच्या मुलखात राहून लोकर घालून उभे राहान? तिथंच चक्कर येऊन पडान." भाऊजींनी दोन दिवस शोध घेतला आणि त्यांना सापडलं की इजिप्तच्या वाळवंटातल्या एका मरूद्यानात त्या काळी कापूस पिकत होता. त्यांनी त्याचा कागद काढून फाइलला लावला. खादी भांडारातून हातसुताच्या लड्या आल्या. ताईने सुताला तांदळाच्या पेजेची चांगली दाट खळ दिली, वाळवलं, आणि बसली.

मी दर रविवारी जायची. आधी पिन द्यायला गेले होते, मग काहीतरी विचारायला, मग काहीच कारण नसताना. खांद्यावर आणि खालच्या घेरावर गोल नक्षी भरायची होती, ती माझ्या वाट्याला आली, कारण माझी बोटं बारीक कामाला सरावलेली. एका वर्तुळात पळणारा ससा होता. ताई म्हणाली, ससा मी करते. तासाभराने मी वाकून पाहिलं.

"ताई, हे गाढव आहे."

"ससा हाय. कान पाह्य."

"कानांमुळेच गाढव वाटून राह्यलं."

तिने मागे सरून पाहिलं. मग तोंडावर हात घेतला. मग आम्ही दोघी त्या खाटेला धरून अशा हसलो की खाट भिंतीवरून घसरली, आणि भाऊजी पलीकडच्या खोलीतून 'काय झालं, काय झालं' करत धावत आले. त्यांनी चष्मा लावून वर्तुळ तपासलं.

"गर्दभ आढळतो," ते म्हणाले. "त्या काळच्या नक्षीत अगदीच नाही असं नाही."

ताईला खाली बसावं लागलं. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती म्हणत होती, "गर्दभ आढळते! घरातच आढळते!" आई गेल्यानंतर आम्ही बहिणी भेटायचो ते कोणाच्या आजारपणात नाहीतर कोणाच्या तेरवीला. अशा हसलो नव्हतो. पोट दुखेपर्यंत हसायचं आम्ही दोघीही विसरून गेलो होतो.

भाऊजींकडे बाकीचं खातं होतं. आठवडी बाजारात एका धनगराकडून त्यांनी काळीभोर घोंगडी घेतली, झगा म्हणून. कमरेचा चामडी पट्टा आणि पायांवर गुंडाळायच्या पट्ट्या झाल्या. डोक्याची गोल, चपटी, डब्यासारखी टोपी ताईने दाबलेल्या लोकरीच्या जाड नमद्याची शिवली. मोजे मात्र त्यांना कुठेच मिळेनात. चित्रातल्या मोज्यांना अंगठा वेगळा होता, पट्ट्याच्या चपलेत घालता यावा म्हणून. भाऊजी आठवडाभर त्यावर अभ्यास करत होते. शेवटी ताईने कपाटातून आपले थंडीतले अंगठ्याचे मोजे काढून त्यांच्यापुढे टाकले. "हे घ्या तुमचं रोम."

ढाल राहिली. प्लायवूडची लंबगोल ढाल सुताराने कापून दिली. चतुर्थीला भाऊजी कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेले आणि ढालही घेऊन गेले, कारण तिथे दुकानाच्या पाट्या आणि गाड्यांचे नंबर रंगवणारा एक पेंटर त्यांच्या ओळखीचा होता. त्याला आराखडा दिला. लाल जमीन, पिवळी किनार, मधे सूर्यासारखी किरणं. पेंटरने ते इतकं सुरेख रंगवलं की किरणं डोळ्यांवर यावीत. आणि खाली, किनारीच्या आत, सोनेरी अक्षरांत लिहिलं, 'श्री चिंतामणी प्रसन्न'.

भाऊजी ढाल घेऊन घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता.

"मी त्याले विचारलं, हे काहून लिहिलं? थो म्हणे, बाबूजी, माझ्या हातून आजवर एकही गोष्ट याच्याशिवाय गेली नाही."

"पुसायचं नाही," ताई म्हणाली. "देवाचं नाव हाय."

"पण हे रोमन..."

"पुसायचं नाही म्हटलं ना."

पुसलं नाही.

मेळावा रविवारी होता. त्याच्या आधीच्या मंगळवारी अंगरखा खाटेवरून उतरला. मी मुद्दाम लॅब बंद ठेवून गेले होते. ताईने बाजू शिवल्या, गळ्याची फट नीट केली आणि तो हवेत धरला. पांढरा, जड, खांद्यांवरून उतरलेले दोन जांभळे पट्टे, सहा वर्तुळं, त्यांतलं एक गाढव. भाऊजींनी तो बनियनवरून अंगात घातला. बसला. अगदी बेताचा, पण बसला. ते आरशासमोर गेले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. आधी बाजूला सोडले, मग मागे बांधले, मग पुन्हा सोडले. ताईने त्यांच्या खांद्यावरची एक सुरकुती तळहाताने सपाट केली.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण भाऊजींच्या यादीत एक बाब शिल्लक होती. मंडळाने कळवलं होतं, नवं कापड उकळून घ्यावं, खळ निघते आणि वस्त्र अंगाला मऊ पडतं. ताई म्हणाली, थंड पाण्यात भिजवू. भाऊजी म्हणाले, उकळून असं स्पष्ट लिहिलं आहे. त्यांनी स्वतः अंगणात चुलीवर पाण्याचा मोठा पितळी गुंड चढवला, स्वतः लाकडं सारली, स्वतः अंगरखा बुडवला आणि घड्याळ लावून बसले.

दुसऱ्या दिवशी वाळलेला अंगरखा तारेवरून काढला तेव्हा मला वाटलं, ताईने मधल्या वेळात लहानसा दुसरा विणला की काय.

भाऊजींनी डोकं घातलं. डोकं गेलं. एक हात गेला. दुसरा कोपरापर्यंत गेला आणि अडकला. पोटाच्या वर कापडाची गुंडाळी होऊन बसली. ते तसेच, एक हात वर, चेहरा आत, उभे राहिले आणि आतून आवाज आला, "थोडं ओढा." आम्ही ओढलं. ताईने एकीकडून, मी दुसरीकडून. कुठेतरी टर्र आवाज आला आणि ताई ओरडली, "सोडा! तीन महिन्यांचं काम हाय थे!"

अंगरखा परत काढायला पाव तास लागला. भाऊजी लालबुंद होऊन बाहेर आले. मला हसू येत होतं आणि त्यांच्याकडे पाहून ते घशातच विरलं. त्यांनी फाइल घेतली, यादीवर काहीतरी लिहिलं, फाइलची नाडी बांधली आणि ओट्यावर जाऊन बसले. ताईने चहा नेला. तो गार झाला.

थोड्या वेळाने ती आत येऊन मला म्हणाली, "तू घालून पाह्य."

मी पाच फुटांची, हाडकुळी. अंगरखा माझ्या अंगावरून असा सुळकन खाली गेला जसा माझ्याच मापाने विणला असावा. बाह्या मनगटावर, घेर गुडघ्याखाली. ताईने कमरेला पट्टा आवळला, घोंगडी पांघरली, उजव्या खांद्यावर पिन टोचली, डोक्यावर टोपी बसवली. मी दारात जाऊन उभी राहिले.

भाऊजींनी वर पाहिलं. टोपीपासून पायांपर्यंत पाहिलं. मला वाटलं, आपण चूक केली.

"पिनचा पाय वरच्या बाजूले पाहिजे," ते शेवटी म्हणाले. "उलटी लावली तुम्ही." ते उठले आणि त्यांनी पिन सरळ केली. "तूच राह्य उभी. नाव नोंदलेलं आहे. घाटंजीची गैरहजेरी लागता कामा नये."

त्या चार दिवसांत त्यांनी मला कवायत शिकवली. लॅटिन शब्द वहीत देवनागरीत लिहून घेतले होते. अंगणात मी ढाल घेऊन पुढे जायची, मागे यायची, आणि ते ओट्यावरून हुकूम सोडायचे. शेजारच्या गच्चीवर माणसं जमायची. मी सत्तेचाळीस वर्षांची बाई, पायांना पट्ट्या, ताईचे अंगठ्याचे मोजे, हातात चिंतामणीची ढाल, आणि मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. उलट उड्या माराव्याशा वाटत होत्या. एकदा मारलीही. भाऊजी म्हणाले, "रोमन शिपाई उडी मारत नाही." ताई म्हणाली, "मारत असन. तुम्ही पाह्यलं काय?"

रविवारी दुपारी आम्ही वावरात गेलो. तिथल्या विहिरीच्या काठावरच नेट नीट मिळतं. कपाशी फुटलेली, वावर पांढरंशुभ्र, आणि वेचणीला दहा-बारा बाया. त्यांनी मला धुऱ्याच्या बांधावरून येताना पाहिलं आणि ओळीच्या ओळी थांबल्या.

"मायबाई, हे काय सोंग वं?"

"दंडारीच्या खेळातलं होय काय?"

"नाई नाई, निवडणुकीतलं असन!"

सगळ्यात म्हातारी बाई कमरेला बांधलेला कापसाचा ओटा सांभाळत जवळ आली. तिने माझ्या बाहीचं सूत चिमटीत धरून चोळलं. "सूत चांगलं हाय," ती म्हणाली. "पण या गाढवाले कायले बसवलं?"

ताईने तिच्याकडे पाहिलं, मी ताईकडे पाहिलं, आणि आमचं पुन्हा सुरू झालं. मेळावा सुरू झाला तेव्हा माझी टोपी तिरकी होती आणि डोळ्यांत पाणी होतं.

भाऊजींनी मोबाइल हातात धरला होता. पडद्यावर चौकटीच चौकटी. कोणी बर्फात उभं, कोणी स्वयंपाकघरात, सगळे झगे आणि पट्टे घातलेले. मंडळाच्या बाई पांढऱ्या केसांच्या, बारीक आवाजाच्या. आमची पाळी आली. मी ढाल घेऊन पुढे गेले, वळले, मागे आले. मागे दहा-बारा बाया कपाशीच्या ओळीत उभ्या राहून पाहत होत्या, त्याही चौकटीत आल्या. बाईंनी इंग्रजीत खूप काही विचारलं. मला अर्धं कळलं, बाकीचं भाऊजी मोबाइलमागून सांगत होते. माग कसा केला? ताईने हातांनी हवेत खाट काढून दाखवली. ढालीवर काय लिहिलं आहे? आमच्या देवाचं नाव. बाईंनी मान डोलावली. त्या काळचे शिपाईही ढालीवर देवाची खूण काढायचे, त्या म्हणाल्या. भाऊजींनी सुस्कारा सोडलेला मला ऐकू आला.

मग बाई म्हणाल्या, पिन जवळ आणा.

भाऊजींनी मोबाइल माझ्या खांद्याशी नेला. बाई पडद्याला नाक लावून पाहत राहिल्या. आणखी दोघं-तिघं वाकले. मग बोलायला लागले. सुई बारीक आहे, मूळ पिनेची जाड असायची. कांदे छान आहेत, पण इतके गोल कांदे पन्नास-एक वर्षं नंतरचे, या पट्ट्याबरोबर जरा लांबट हवेत. पायाचा जोड कुठे आहे? इथे? ओतीव का? कोणी केलं?

"मी केलं," मी म्हटलं. इंग्रजीत हे मला येत होतं.

ते माझ्या चुका काढत होते आणि मला आनंद आवरेना. जगाच्या पाठीवर कुठेतरी बसलेली पाच माणसं मी केलेल्या कांद्याच्या गोलाईवर वाद घालत होती. मी म्हटलं, सुई जाड करते. कांदे लांब करते. पुन्हा ओतते. मला वाटतं मी ते तीनदा म्हटलं.

"पण आम्हाला पत्र लिहिणारे ते गृहस्थ कुठे आहेत?" बाईंनी विचारलं.

मोबाइल हलला. भाऊजी पँट-शर्टमध्ये होते. ते मागे सरले, पण ताईने त्यांच्या हातातून मोबाइल घेतला आणि त्यांच्यावर रोखला. ते सावधान उभे राहिले. अंगरखा लहान झाला, त्यांनी कबूल केलं, उकळण्याचा निर्णय सर्वस्वी माझा होता. पडद्यावर सगळे हसले, पण टिंगलीने नाही. जवळजवळ प्रत्येकाने काहीतरी उकळून आटवलेलं होतं.

नोकरी कुठे केली, बाईंनी विचारलं.

"महसूल खात्यात. कारकून होतो," भाऊजी म्हणाले. मी त्यांना 'अव्वल' गाळताना पहिल्यांदाच ऐकलं.

बाई एकदम सरसावून बसल्या. मग तुम्ही लपता का? त्या काळी कचेरीतल्या नोकरीलाही शिपाईगिरीच म्हणत. कारकून कमरेला तसाच पट्टा बांधत, खांद्यावर तशीच पिन लावत. हिशेब आणि जमिनीची दप्तरं सांभाळणारे तर फार मानाचे. तुमच्या वाचनात आलं नाही का?

भाऊजी हळूच म्हणाले, "ती पानं होती पुस्तकात. कचेरीबद्दल होती म्हणून मी सोडून दिली."

ताईने मोबाइल म्हाताऱ्या वेचणारणीच्या हातात दिला. माझ्या खांद्यावरची घोंगडी काढली, भाऊजींच्या शर्टावर पांघरली, पिन टोचली, यावेळी पाय वरच्या बाजूला. पट्टा माझ्या कमरेचा सोडला आणि त्यांच्या पोटाभोवती नेला. शेवटच्या भोकात बसला. म्हातारीने मोबाइल उलटा धरला होता, त्यामुळे सगळ्या युरोपने घाटंजीचा रोमन कारकून आधी डोकं खाली पाय वर असा पाहिला.

मग कोणीतरी मोबाइल सरळ केला. भाऊजी उभे होते. हात कुठे ठेवायचे ते त्यांना आता कळलं होतं. एक पट्ट्यावर, एक बाजूला. चेहरा तोच, नोटीस बजावणारा, आणि तो त्या घोंगडीवर असा शोभत होता की वेचणाऱ्या बायासुद्धा शांत झाल्या.

"साहेब दिसून राह्यले," एक जण म्हणाली.

मेळावा पुढे गेला, आमची चौकट लहान झाली. मग धुऱ्यावर बसून सगळ्यांनी भाकरी आणि झुणका खाल्ला. टोपी या डोक्यावरून त्या डोक्यावर गेली. म्हातारीने ढाल पाठीला टेकायला घेतली आणि म्हणाली, बरी आहे, उन्हाच्या कामाची आहे. भाऊजी घोंगडी उतरवायला तयार नव्हते. घामाने निथळत होते आणि ताईला विचारत होते, कारकुनाचा अंगरखा लांब असतो, पार घोट्यापर्यंत, तर खाटेवर मावेल का? ताई म्हणाली, दोन खाटा जोडू. आणि यावेळी धुणं मी करीन.

परत निघायला पाच वाजले. कपडे बदलायचं माझ्या लक्षात होतं, पण मी बदलले नाहीत. अंगरखा, पायांच्या पट्ट्या आणि डोक्यावर हेल्मेट अशी गाडीवर यवतमाळला निघाले. वाटेत पेट्रोल पंपावर थांबले. पंपावरच्या माणसाने वरून खालपर्यंत पाहिलं आणि फार आदराने विचारलं, "मॅडम, कोणतं खातं?"

"रोमन," मी म्हटलं.

"नवीन सुरू झालं काय?"

"नाही, जुनंच आहे."

"हाव काय," तो म्हणाला आणि नळी उचलली. मी हेल्मेटच्या आत हसत होते, खांदे हलत होते, गाडी हलत होती. तो म्हणाला, "मॅडम, हालू नका, सांडन."